इंजिनाचा पहिला रस

गेल्या अठरा वर्षांत हरिबा गुळव्याची हाक रेठवडीच्या शिवारात कुणाला ऐकू आली नाही, असं आज पहिल्यांदाच घडत होतं. गुऱ्हाळावर गूळ शिजवणारा हरिबा माणदेशातला, मेंढरं राखणाऱ्याच्या पोटचा. लांबच्या कळपाला हाक घालायचा गळा त्याला जन्मापासूनचा. रस कढवायच्या मोठ्या काहिलीपाशी उभं राहून त्यानं 'धर' म्हटलं की चरकाचे बैल थांबायचे, 'सोड' म्हटलं की चालायचे. गुऱ्हाळात मालक असो नाहीतर मालकाचा बाप, सत्ता गुळव्याची चालायची. पण आज लालासाहेबांच्या मळ्यात चरकाला बैल नव्हते. तिथं तेलावरचं इंजिन ठकठक करत होतं आणि निम्मं गाव ते बघायला बांधावर येऊन बसलं होतं.

हरिबानं दोनदा 'धर' म्हणून पाहिलं. तिसऱ्यांदा त्यानं डोक्याचं मुंडासं सोडून हवेत हलवलं. इंजिनापाशी उभ्या असलेल्या लालासाहेबांच्या धाकट्या पोराला, सयाजीला, वाटलं, गडी खुशीत आलाय. त्यानंही हात हलवला आणि चरकात उसाची आणखी एक मोळी सारायला सांगितली.

सयाजीची बायको मनुबाई हे सगळं बघत होती. सकाळपासून ती रस वाहत होती. चरकाखालचा रांजण भरला की घागरीनं उपसायचा आणि काहिलीत ओतायचा, हे काम तिला सासरी आल्यापासून माहीत होतं. बैलांच्या चरकावर एक घागर भरेतो दोन ओव्या म्हणून व्हायच्या. आज ओवी सुचायच्या आत घागर भरून वाहत होती. काहील कधीच भरली. मग घरातले हंडे भरले, पाण्याच्या घागरी भरल्या, आणि आता गुंडाभावजींनी बैलांची दगडी डोण घासूनपुसून तिच्यात रस सोडायला सुरुवात केली होती.

"आत्याबाई, ह्ये जरा जास्तीच व्हतंय का वं?" तिनं सासूला विचारलं.

राहीबाईंनी पदरानं कपाळ पुसलं. "मला काय इचारतीस? तुझा न्हवरा परमुलखातनं शिकून आलाया. त्येला ठावं असंल."

मनुबाईनं पुढची घागर उचलली. नवऱ्याला काय ठाऊक होतं आणि काय नव्हतं, यापेक्षा तिला एकच गोष्ट महत्त्वाची होती. काल तिन्हीसांजेला गोठ्यात धार काढताना सयाजी तिच्यापाशी येऊन उभा राहिला आणि म्हणाला होता, "शिरवळचा मोटार सर्व्हिसवाला बोलावतोय. ड्रायव्हरची जागा हाय. इंजिन चाललं तर मी हितं ऱ्हातो. न्हाई चाललं तर शिमग्याआधी निघतो. आबांच्या डोळ्यांपुढं रोज हसं करून घ्यायला मी लढाईतनं जित्ता आलो न्हाई."

लढाईवर सयाजी सहा वर्षं लष्करी लॉरी हाकत होता. आधी आफ्रिका, मग इटली. त्या सहा वर्षांत मनुबाईनं कराडच्या टपालवाल्याची वाट बघितली, नवससायास केले, आणि पत्र आलं की शाळामास्तरांच्या पायऱ्यांवर बसून ते वाचून घेतलं. आता कुठं माणूस घरात आला होता. ती शिरवळला त्याच्याबरोबर जाऊ शकली असती असं कुणी म्हणेल, पण तेव्हा रेठवडीतल्या सुना नवऱ्याबरोबर बिऱ्हाड करायला जात नव्हत्या. त्या सासूपाशी राहायच्या आणि सणाला नवरा यायचा. पुन्हा तसलं जिणं तिला नको होतं. म्हणून आज ते इंजिन तिला घरातल्या माणसापेक्षा जास्त लाडकं होतं, आणि ते जरा जास्तच चांगलं चालतंय हे बघून ती पुन्हापुन्हा भरलेल्या हंड्यांकडं वळून बघत होती.

दुपार व्हायच्या आत ऊस संपला. चार दिवसांचा ऊस गुंडानं सयाजीच्या सांगण्यावरून तोडून ठेवला होता, तो अर्ध्या दिवसात पिळून निघाला. सयाजीनं इंजिन बंद केलं. बांधावरच्या लोकांनी माना डोलावल्या. एवढ्या वेळानं कान मोकळे झाले आणि सगळ्यांना हरिबाचा आवाज ऐकू आला.

"आता बंद करून काय उपेग?" तो काहिलीजवळ खाली बसला होता. "एक काहील, तिच्याखाली एक चुलवाण. दिसाला काहील भरून कढवायची माझी आदणं व्हत्यात दोन, लय झाली तर तीन. ह्यो रस हाय आठ-नऊ आदणांचा. ऊन बघा. सांजच्याला ह्यो आंबून जाईल, आन् आंबल्या रसाचा गूळ बसत न्हाई. मग त्येचं काय करायचं त्ये तुमीच सांगा."

सयाजीनं डोणीकडं पाहिलं, हंड्यांकडं पाहिलं, पाण्याच्या पिंपांकडं पाहिलं. सगळं काठोकाठ भरलं होतं. एका हंड्यावर बारीक फेस धरू लागला होता.

"मला का सांगितलं न्हाईस?"

"घसा बसला माझा सांगून," हरिबा म्हणाला. "तुमचं इंजिन बोलतंय तवा दुसऱ्यानं बोलायची सोय हाय का?"

*

लालासाहेब आंब्याखाली घोंगडीवर बसले होते. सकाळपासून ते तिथून हलले नव्हते आणि बोललेही नव्हते. पासष्टीचा माणूस, ताठ, मिशीला पीळ. रेठवडीत त्यांच्या डोळ्यांदेखत काय काय आलं होतं. फाट्यावर सर्व्हिस मोटार थांबू लागली. शेजारच्या गावात पिठाची गिरणी बसली आणि गावातली दळायची निम्मी जाती थंडावली. घराघरांत चहा शिरला, मास्तरांची सायकल आली. ह्या सगळ्याला त्यांनी आधी नाक मुरडलं आणि मग गुपचूप वापरलं. चहा तर आता त्यांना दिवसातून तीनदा लागायचा. पण गुऱ्हाळ म्हणजे घरचं देवघर. त्यात इंजिन घुसवणारा पोरगा त्यांना सहन होत नव्हता.

गुंडा त्यांच्याजवळ आला. थोरला गुंडा आजवर कायम बापाच्या बाजूचा. इंजिन आणायचं ठरलं तेव्हाही तो आबांच्या मागं उभा राहून मान हलवत होता. आता तो म्हणाला, "आबा, आता काय तरी करा. चार दिसांचा ऊस हाय."

"धाकट्याला इचार की. त्यो मोठा मेकॅनिक हाय."

"त्यो नुसता बसून ऱ्हायलाय."

"मग बसू दे. बैलाबिगर गूळ व्हतोय म्हणत हुता, करू दे आता."

राहीबाई हे ऐकून पुढं आल्या. "आवं, पोरगं कुणाचं हाय त्ये? शेजाऱ्याचं बोलल्यागत काय बोलताय?"

"तूच त्येला डोक्यावर चढवलंस. 'आण बाबा इंजिन' म्हणून."

"व्हय, मीच. अजून म्हंते. बैल उन्हात फिरून फिरून खुरं झिजवायचं ते बघवत न्हवतं मला."

तेवढ्यात मनुबाई सासूच्या मागं येऊन उभी राहिली. डोक्यावरचा पदर कपाळावर ओढलेला. रीत अशी की सुनेनं सासऱ्याशी बोलायचं नाही. बोलायचंच झालं तर सासूला सांगायचं. मग सासरा चार हातांवर बसलेला का असेना, त्यानं ऐकलं नाही असं समजायचं आणि सासूनं तेच पुन्हा सांगायचं.

"आत्याबाई," ती म्हणाली, "मामंजींना सांगा, इंजिन फसलं तर त्ये शिरवळला मोटारीवर जाणार हायती. शिमग्याआधी. मला बोललं त्ये."

राहीबाईंनी तोंड उघडलं, पण त्यांना नवऱ्याला काही सांगावं लागलं नाही. लालासाहेबांनी मान वळवली आणि सरळ सुनेकडं बघितलं. "कवा बोलला?"

मनुबाईच्या तोंडून उत्तर निघून गेलं. "काल सांजंला, मामंजी." मग तिला कळलं की आपण थेट बोललो, आणि कळूनही तिनं थांबायचं नाही असं ठरवलं. "तुमी दोघं एकमेकांशी बोलत न्हाईसा म्हणून मी बोलतेय. मला रागवा. पर माझा माणूस सहा वर्सांनी घरी आलाया. त्यो पुन्ना जायला नगं."

राहीबाई सुनेचा दंड धरून उभ्या राहिल्या. एरवी अशा सुनेला त्यांनी तिथंच झाडलं असतं. आज त्या म्हणाल्या, "खरं हाय तिचं."

लालासाहेब घोंगडीवरून उठले. मनात जे खुपत होतं ते त्यांचं त्यांनाच माहीत होतं. रांजण पहिल्यांदा ओसंडला तेव्हाच त्यांना कळलं होतं की रस काहिलीच्या पुढं पळतोय. आयुष्य गुऱ्हाळात गेलेल्या माणसाला ते कळणार नाही तर कुणाला? एक हात वर केला असता तर सयाजीनं इंजिन थांबवलं असतं. त्यांनी हात वर केला नाही. फसू दे, असं मनात म्हटलं. आता त्या म्हणण्याची त्यांना लाज वाटत होती.

"गुंडा, डोक्याला पटका दे माझा," ते म्हणाले. "आकारामाकडं जातो."

*

आकारामाचा मळा ओढ्याच्या पलीकडं होता. लालासाहेब आणि आकाराम एका वयाचे, एका तालमीतले. या दोन घरांची आणि आणखी पाच घरांची गुऱ्हाळाची सावड होती. एकाचं गुऱ्हाळ लागलं की बाकीच्या सहा घरांचे बैल पाळीपाळीनं चरकाला यायचे, दुसऱ्याचं लागलं की याचे बैल तिकडं जायचे. सावड मोडत नव्हती, कारण ज्याचं गुऱ्हाळ तो आदल्या दिवशी नारळ घेऊन सहाही घरी जाऊन बोलावणं करायचा. यंदा लालासाहेबांच्या घरातून नारळ घेऊन कुणी गेलं नव्हतं. बैलच लागणार नाहीत तर बोलवायचं कशाला, असं सयाजी म्हणाला, आणि गुंडालाही ते पटलं होतं.

आकाराम ओसरीवर तंबाखू मळत होता. त्यानं लालासाहेबांना लांबूनच पाहिलं होतं, पण ते पायरी चढेपर्यंत त्यानं मान वर केली नाही.

"या पावनं," तो म्हणाला. "वाट चुकलासा जनू."

"चुकलो खरा." लालासाहेब पायरीवरच टेकले.

"इंजिनाचा आवाज ऐकला सकाळी. माझं बैल गोठ्यात कान टवकारून उभं हुतं. त्येंला म्हनलं, बसा गड्यांनो, तुमास्नी आता पेन्शन."

लालासाहेबांनी पटका काढून मांडीवर ठेवला. आत आकारामाच्या बायकोनं, अंबूबाईनं, न विचारता चहा ठेवला. चुलीवर आधण चढल्याचा आवाज आला.

"रस लय झालाय, आकारामा. काहील एकच हाय. सांजंपतोर आंबतोय."

"मग?"

"मग काय. तुझं चुलवाण पायजे. तुझी काहील पायजे."

आकारामानं तंबाखू तोंडात टाकली. "म्हंजे बैल नगंत, आन् काहील पायजे?"

"व्हय."

"नारळ कुठाय?"

"आणला न्हाई. चूक झाली आमची." लालासाहेबांनी हात जोडले नाहीत, पण आवाज खाली आला. "आन् दुसरी चूक माझी एकट्याची. मला दिसत हुतं, आकारामा. रस वाहून चाललेला मला सकाळीच दिसत हुता. पोराचं नाक खाली व्हावं म्हणून मी बोललो न्हाई. आता त्यो घर सोडून चाललाय."

आकारामानं तंबाखू थुंकली. मग एकदम हसला, पोट धरून हसला.

"लाला, तुझ्या बानं लाकडी घाणा काढून लोखंडी चरक आणला तवा तुझा आज्जा तीन दीस जेवला न्हवता. आठवतंय? लोखंडाच्या चरकानं गूळ काळा पडतोय म्हनायचा. आन् पयल्या आदणाचा गूळ सगळ्यांच्या आधी त्येनंच खाल्ला."

"आठवतंय."

"तुमच्या घरातलं म्हातारं एका पिढीला एकदा असं रुसतंयच. यंदा तुझी पाळी हाय म्हणायची." त्यानं उठून धोतर सावरलं. "बुळकांडीच्या रोगानं तुझी दोन्ही बैलं गेली त्या साली तू कुणाच्या दारात नारळ घेऊन आला हुतास? न्हवतास आला. तुझं डोळं बघून आमीच बैलं जुपली. आन् माझ्या धाकटीच्या लग्नात मंडप उडून गेला तवा तू इचारायला थांबला हुतास व्हय? च्या पी आधी. मी बैलगाडी जुपतो आन् बाकीच्या पाच घरी निरोप धाडतो. रस तितनं हालवायचा म्हंजे गाड्याच लागणार. बघ, शेवटी बैलं लागलीच का न्हाई."

लालासाहेबांना हसू आलं आणि त्याच वेळी डोळ्यांत पाणी आलं. अंबूबाईनं आणलेला चहा त्यांनी बशीत ओतून प्यायला. गोड झाला होता, गुळाचा.

*

सयाजीनं लढाईत पूल उडताना पाहिले होते, पण हे असलं काही पाहिलं नव्हतं. ओढ्याच्या वाटेनं सहा बैलगाड्या एकामागं एक आल्या. त्यांवर पिंपं, हंडे, अगदी लग्नातली घंगाळंसुद्धा होती. कुणी काही विचारलं नाही, कुणी टोमणा मारला नाही. म्हणजे एकानं मारला, "सयाजी, बैलं बघ कशी दिसत्यात, इसारला न्हाईस न्हवं?" आणि सगळे हसले. त्याला ते हसणं मुळीच झोंबलं नाही. गुंडादादा स्वतः डोणीवर वाकून तांब्यानं रस उपसत होता आणि प्रत्येक गाडीवाल्याला सांगत होता की इंजिन चांगलं आहे, चूक हिशेबाची झाली, इंजिनाची नव्हे. दादानं आपली बाजू घेतलेली सयाजीनं जन्मात पहिल्यांदा ऐकली.

अडचण उरली होती एकच. काहिली झाल्या सात आणि गुळव्या एक. रस कढवायला कुणीही चालतो, पण पाक नेमका कधी उतरवायचा, ते हरिबाशिवाय कुणाला जमत नव्हतं. जरा लवकर उतरवला तर गूळ बसत नाही, जरा उशीर झाला तर करपतो.

"मी पायी किती पळू?" हरिबा म्हणाला. "साठ वर्सांचा झालो."

सयाजी मास्तरांकडं जाऊन सायकल मागून घेऊन आला. "बस मागं."

"ह्येच्यावर?"

"लॉरी हाकलीया मी डोंगरातनं. तुला पाडीन व्हय?"

हरिबानं मुंडासं घट्ट बांधलं, बिरोबाचं नाव घेतलं आणि कॅरियरवर दोन्ही पाय एका बाजूला सोडून बसला. पहिल्या चढाला त्यानं सयाजीची कंबर इतकी आवळली की सयाजीला श्वास घेता येईना. बांधावर बायका पदरात तोंड लपवून हसत होत्या. आकारामाच्या काहिलीपाशी पोचल्यावर हरिबा उतरला, थोडा वेळ जमिनीला हात लावून बसला, मग उठून पाकाचा थेंब पाण्याच्या वाटीत टाकून बोटानं दाबला. "अजून न्हाई. जाळ कमी करा. चल पुढं." दुसऱ्या काहिलीला नुसतं बघून म्हणाला, "उतरवा, लगीच." तिसऱ्या खेपेला सयाजीनं बघितलं, गड्यानं कंबर सोडून एका हातानं मुंडासं धरलं होतं आणि दुसऱ्या हातानं वाटेतल्या लोकांना रामराम घालत होता.

"हरिबा," सयाजी पायडल मारता मारता म्हणाला, "पुढल्या टायमाला इंजिनापाशी एक माणूस उभा करू. तू मुंडासं हलवलंस की त्येनं मला सांगायचं. आन् तुझ्या काहिलीला जेवढा पायजे तेवढाच ऊस चरकात घालायचा."

"पुढल्या टायमाला?" हरिबानं मागून विचारलं. "तू तर शिरवळला चाललास म्हनं. मला मनुबाईनं सांगितलं."

सयाजीनं पायडलवर जोर लावला. चढ लागला होता.

*

दिवस मावळायच्या आत सातही चुलवाणांवरचं शेवटचं आदण उतरलं. एका हंड्यातला रस आंबला, तेवढाच गेला. बाकी सगळ्याचा गूळ बसला, पिवळाधमक. लालासाहेबांच्या मळ्यात सातही घरची माणसं जमली. राहीबाई आणि मनुबाई केळीच्या पानांवर ऊन ऊन गूळ वाढत होत्या. आलेल्या कुणालाही गुऱ्हाळातून तोंड गोड केल्याशिवाय सोडायचं नाही, ही रीत होती, आणि आज राहीबाई ती इतक्या सढळ हातानं पाळत होत्या की गुंडा म्हणाला, "आई, बाजाराला काय उरंल का?" त्या म्हणाल्या, "न उरू दे. आज ह्या लोकांनी नसतं केलं तर काय उरणार हुतं?"

लालासाहेब सयाजीपाशी येऊन उभे राहिले. 

"सकाळी रांजण वाहत हुता तवा मी बघत हुतो," ते म्हणाले. "बोललो न्हाई."

"ठावं हाय, आबा." सयाजी खाली बघत होता. "मला बी शंका येत हुती, म्हणून तुमच्याकडंच बघत हुतो. वाटलं, तुमी हात वर केला की थांबवीन. मग तुमी न्हाई केला, म्हणून मी बी न्हाई थांबवलं."

 मग लालासाहेबांनी पोराच्या खांद्यावर हात ठेवला आणि जमलेल्या माणसांकडं वळले.

"ऐका गड्यांनो. आज तुमी सगळे आलासा, न बोलावता आलासा. ह्ये उपकार मी फेडणार न्हाई, फेडायचं नसत्यातच. पर सावड मोडणार न्हाई. बैलं यायची तसं आता इंजिन येईल, सातही घरी, पाळीनं. आन् बैलांसंगं जसा गडी येतो तसा इंजिनासंगं सयाजी येईल."

"मग सोमवारी माझ्यात," आकाराम लगेच म्हणाला.

"त्येच्या म्होरल्या आठवड्यात आमच्यात," दुसरा म्हणाला.

"आमचा ऊस पाडव्यापतोर थांबणार न्हाई, आमाला मधी घ्या."

सयाजी बावरला. "आबा, सात घरं शिमग्यापतोर व्हायची न्हाईत."

"मग पाडव्यापतोर कर."

"आन् पुढल्या सालाला?"

"पुढल्या सालाला पयली पाळी आकारामाची. तीन साल नारळ घेऊन त्योच आधी येतोय."

मनुबाईच्या हातातलं पान तसंच राहिलं. ती बोटांवर मोजू लागली. एका घराला आठ-दहा दिवस धरले तरी पाडवा येणार, मग पावसाळा, मग पुन्हा गुऱ्हाळं. हिशेब जमत नव्हता आणि तिला तो जमवायचाही नव्हता. तिला एवढंच कळत होतं की काल ती एकटी नवऱ्याला धरून बसली होती आणि आज सात घरांनी त्याला धरलं होतं. देवा, या माणसांचं भलं कर, ती मनात म्हणाली. तिच्या गालांवरून पाणी वाहत होतं आणि तिला ते पुसावंसं वाटत नव्हतं.

सयाजी तिच्यापाशी पाणी मागायला आला. तिनं तांब्या दिला आणि हळूच विचारलं, "शिरवळवाल्याला काय कळवायचं?"

त्यानं पाणी पिऊन तांब्या परत दिला. "कळीव की, गडी सावडीत गेलाय म्हणून."

"मला कुठं लिवाय येतंय?"

"मग उद्या माझ्यापाशी बस," तो म्हणाला. "सहा वर्सं मास्तरांनी माझी पत्रं तुला वाचून दाखवली. आता मी घरातच हाय. शिकवतो."